खोकं नसलेली हार्ड डिस्क

संगणकाचा सुटा भाग ज्या खोक्यातून घरी येतो, त्या खोक्याची कामं दोन. वाटेत वस्तूला धक्का लागू द्यायचा नाही, आणि दुकानाच्या फळीवर ती उठून दिसली पाहिजे. वस्तू घरी पोचली की दोन्ही कामं संपतात. पण दीड-दोन वर्षांनी ती वस्तू बिघडते, आपण वॉरंटीचा दावा करायला जातो आणि तेव्हा कळतं की त्या खोक्यावर तिसरंही एक काम टाकलेलं आहे, साक्षीदाराचं. ‘ओरिजिनल बॉक्स आहे का?’ असं विचारलं जातं. ‘नाही’ म्हटलं की समोरच्या माणसाचा सूर बदलतो. कितीतरी लोक तिथूनच परत फिरतात, नवी वस्तू घेतात आणि वॉरंटी हा सगळा बोलाचाच भात असतो असं म्हणून गप्प बसतात.

त्यांनी परत फिरू नये, एवढ्यासाठी हा लेख आहे. माझी डिस्क खोक्याशिवाय बदलून मिळाली. त्यात नशिबाचा भाग थोडा होता. बाकीचं काम कागदांनी आणि डिस्कच्या अंगावरच्या खुणांनी केलं.

मी सांगलीत गावभागात राहते आणि घरूनच अक्षरजुळणीचं काम करते. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका, आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक. पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रामच्या काळापासूनच्या फायली माझ्याकडे आहेत. त्यातल्या काही श्रीलिपीच्या अशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत की आज त्या उघडायच्या तर जुनी यंत्रणा जपावी लागते. २०१८ च्या दिवाळी अंकांच्या आधी मी चार टीबीची एक हार्ड डिस्क घेतली. दोन वर्षांची वॉरंटी, जीएसटीचं पक्कं बिल, रंगीत खोकं, आत प्लास्टिकचा साचा आणि साच्यात चंदेरी पिशवीतली डिस्क.

पुढच्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या लोकांना २००५ चा पूर आठवत होता, त्यामुळे काय आधी वर न्यायचं हे प्रत्येक घरात ठरलेलं होतं. आमच्याकडे आधी धान्य आणि औषधं गेली, मग कागदपत्रं, मग संगणक. मॉनिटर गोधडीत गुंडाळला. सीपीयू दोघांनी धरून जिन्यावरून वरच्या मजल्यावर नेला. खोकी खालीच राहिली, जिन्याखालच्या कोनाड्यात, एकात एक घालून नीट रचलेली. पाणी ओसरल्यावर तिथे चिखलात मिसळलेला पुठ्ठ्याचा लगदा तेवढा सापडला. त्या दिवसांत लोकांचं जे गेलं त्यापुढे त्या खोक्यांचं नाव काढायलाही जीभ रेटली नसती. मलाही त्यांची आठवण आली ती दिवाळीनंतर, डिस्क टकटक करायला लागली तेव्हा.

हार्ड डिस्कचा तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला तो वेगळा सांगावा लागत नाही. आत चकत्या मिनिटाला पाच-सात हजार वेळा फिरत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते टोक आपली जागा शोधू लागलं की पुन्हा पुन्हा मागे येतं आणि बाहेर टक, टक असं ऐकू येतं. त्याआधी फायली उघडायला वेळ लागत होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती उघडून पाहिली तर बदललेल्या सेक्टरांचा, म्हणजे खराब झाले म्हणून डिस्कने बाजूला टाकलेल्या माहितीच्या बारीक कप्प्यांचा, आकडा रोज चढत होता आणि ‘पेंडिंग’ म्हणून लटकलेल्यांचाही. चालू कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर होती, म्हणून पोटात गोळा आला नाही. कंपनीचाच तपासणीचा प्रोग्राम चालवला. त्याने ‘नापास’ म्हणून एक कोड दिला. तो पडदा मी मोबाइलवर टिपून ठेवला.

आमचे दुकानदार मारुती रोडला बसतात. त्यांच्याही दुकानात पाणी शिरलं होतं, भिंतींवरची रेघ अजून ताजी होती. माझं बिल ओल्या फायलीत चिकटून गेलं होतं, शाई पसरली होती. त्यांनी काही न विचारता टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये नाव शोधलं आणि बिल पुन्हा छापून शिक्का मारून दिलं. त्यावर डिस्कचा सिरीयल नंबर होता. हे सगळे दुकानदार करत नाहीत. ‘एक नग हार्ड डिस्क ४ टीबी’ एवढंच लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत, आणि तसं बिल हातात असलं तरी ते याच डिस्कचं आहे हे सिद्ध करणं अवघड जातं. थर्मल कागदावरचं असेल तर वर्षभरात अक्षरंच उडून जातात.

“वहिनी, नंबर टाकून बघा की कंपनीच्या साइटवर. वॉरंटी दाखवतीय का बघू आधी,” ते म्हणाले.

दाखवत होती. डिस्कच्या अंगावरच्या लेबलावर नंबर होता, तोच बिलावर, तोच डिस्कच्या आतल्या प्रोग्राममध्ये, आणि तोच कंपनीच्या नोंदीत. चार ठिकाणी एक नंबर. ही डिस्क कोणाची, कधी घेतली, मुदत संपली की नाही, यातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर खोक्याकडून घ्यायची गरज उरत नव्हती. तरीही पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये फोन लावला तेव्हा पहिला प्रश्न खोक्याचा आला.

खोकं नाही म्हटल्यावर पलीकडच्या मुलीने गाव विचारलं. सांगली म्हटल्याबरोबर ती म्हणाली, “मॅडम, पुरातली आहे का?”

त्या प्रश्नाने मी दुखावले, पण त्यामुळेच सगळं प्रकरण उलगडलं. तिचा खोक्याशी काही संबंध नव्हता. तिला भीती होती भिजलेल्या मालाची. त्या हिवाळ्यात सांगली-कोल्हापूरकडून पाण्यात बुडालेली यंत्रं त्यांच्याकडे येत असणार, आणि पाण्याने झालेलं नुकसान कुठल्याच नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. कंपनीच्या बाजूने ती शंका रास्त होती. चूक एवढीच होती की शंकेचं निरसन खोक्याने होईल असं धरलं होतं. एखाद्याने खोकं माळ्यावर कोरडं ठेवलं असेल आणि डिस्क खाली पाण्यात गेली असेल, तर तो कोरं करकरीत खोकं घेऊन येईल. माझ्यासारखीची डिस्क कोरडी आणि खोकं चिखलात. खोकं पाहून दोघांचाही निकाल उलटाच लागणार.

डिस्क भिजली की नाही हे डिस्कच सांगते. हवा भरलेल्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असतं आणि शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं. आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं, आत गाळणी असते. हेलियम भरलेल्या मोठ्या क्षमतेच्या डिस्क पूर्ण बंद असतात, त्यांना ते नसतं. पुराचं पाणी त्या छिद्राशी पोचलं तर गाळ मागे राहतो. खालच्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर पांढरट डाग पडतात, स्क्रूंच्या खाचेत गंज धरतो, लेबलाच्या कडा फुगतात, आणि केबल जिथे लागते तिथली सोनेरी पाती काळवंडतात. मी दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून, यातल्या प्रत्येक जागेचा जवळून फोटो काढला. छिद्राचा, चारी कोपऱ्यांच्या स्क्रूंचा, खालच्या पट्टीचा, पात्यांचा, लेबलाचा. एकही झाकण उघडलं नाही, कारण स्क्रूवरचं सील तुटलं की वॉरंटी तिथेच संपते.

फोटो पाठवताना मनात एक विचित्र गोष्ट येत होती. हार्ड डिस्क आणि पूर यांचं नातं आमच्या या पुरापेक्षा जुनं आहे. २०११ मध्ये थायलंडमध्ये चाओ फ्रायाचं पाणी अयुथयाच्या औद्योगिक वसाहतींत शिरलं. तिथे बांग पा-इन इथे वेस्टर्न डिजिटलचा मोठा कारखाना होता, तो पाण्याखाली गेला. सुटे भाग पुरवणारे कित्येक कारखाने बुडाले. जगभर डिस्कांची टंचाई झाली, भाव काही आठवड्यांत चढले. त्या वर्षी आमच्याकडेही डिस्कची किंमत विचारली की दुकानदार ‘आजचा भाव’ सांगायचे, सराफासारखा. आणि त्याच हिवाळ्यात सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या दोन मोठ्या कंपन्यांनी आपल्या वॉरंटीच्या मुदती कापल्या. सीगेटच्या टेबलावरच्या संगणकात बसणाऱ्या काही बाराकुडा डिस्कांची पाच वर्षांची हमी एकदम एका वर्षावर आली. वेस्टर्न डिजिटलच्या निळ्या आणि हिरव्या मालिकेची तीनावरून दोनावर. डिस्क तीच, कारखाना तोच, पण ती किती दिवस टिकेल याबद्दलचा शब्द आखूड झाला. आता ज्या मुदती आपण खोक्यावर वाचतो त्यांच्यामागे ते दिवस आहेत. इतका आखडून दिलेला शब्द निदान पाळला तरी जावा, असं मला मनापासून वाटतं.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं की फोटो मिळाले, पण ओरिजिनल बॉक्सशिवाय पुढे जाता येणार नाही. तेव्हा मी वॉरंटीच्या अटी शोधून काढल्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. कोणीही वाचत नाही असा तो मजकूर असतो, पण मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचा मजकूरच वाचते, त्यामुळे कंटाळा आला नाही. अटींमध्ये मूळ खोक्याचा उल्लेखच नव्हता. डिस्क पुरेशा संरक्षणासह पाठवावी, पॅकिंग अपुरं असून वाटेत नुकसान झालं तर दावा नाकारला जाईल, असं लिहिलं होतं. पुरेसं संरक्षण आणि मूळ खोकं यांत फार अंतर आहे. पहिली अट रास्त आहे आणि कोणालाही घरी पाळता येते. दुसरी अट लिहिलेलीच नव्हती. ती काउंटरवर बोलून बोलून तयार झाली होती, आणि तिथे बसणाऱ्या मुलीला तिच्या आधीच्या कोणी तरी सांगितली असणार.

दुकानदारांशी बोलले तेव्हा त्यांनी त्यात आणखी भर घातली. “अहो, आतल्या डिस्का बहुतेक आम्ही खोक्याशिवायच विकतो की. डिस्ट्रिब्यूटरकडनं वीस-वीसच्या पेटीत येत्यात, नुसत्या पिशवीत. त्यांचा क्लेम होतोच ना?” मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत डिस्क घेतलेल्या माणसाला हे नवीन नाही. सुटी डिस्क, चंदेरी पिशवी, वर डिस्ट्रिब्यूटरचा छोटा स्टिकर. खोकं कधी नव्हतंच, तर ते परत काय देणार?

मग मी ईमेल लिहिला. फोनवर झालेलं बोलणं हवेत जातं, म्हणून फोन बंद केला. ईमेलात रागाचं एक वाक्य घातलं नाही. नंबर, बिलाची तारीख, तपासणीचा कोड, फोटो, आणि त्यांच्याच अटींतलं पॅकिंगबद्दलचं कलम जसंच्या तसं. शेवटी दोन विनंत्या केल्या. मूळ खोक्याची अट अटींच्या कुठल्या कलमात आहे ते कळवावं, आणि दावा नाकारत असाल तर कारणासह लेखी नाकारावा. या दुसऱ्या विनंतीत ताकद आहे. तोंडी ‘नाही’ म्हणायला कोणाची सही लागत नाही. लेखी ‘नाही’ म्हणायचं तर वरच्या माणसाला अटी उघडून वाचाव्या लागतात. उत्तर दुसऱ्याच अधिकाऱ्याकडून आलं, सौजन्याचं होतं, आणि त्यात दावा क्रमांक होता. सोबत पॅकिंगच्या सूचना होत्या.

पॅकिंगवर मी जरा थांबणार आहे, कारण इथे कंपनीचं म्हणणं पूर्ण खरं आहे आणि इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त हयगय होते. बंद असलेली डिस्क साधारण २५० ते ३०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट, धक्का सोसेल अशी बनवलेली असते. हा आकडा मोठा वाटतो, पण टेबलाइतक्या उंचीवरून ती थेट फरशीवर पडली तर सहज ओलांडला जातो. कुरिअरच्या गाडीत पोती कशी फेकली जातात ते आपण पाहतोच. वर्तमानपत्राचे बोळे घालून पाठवलेली डिस्क पुण्याला पोचेपर्यंत बोळे दबून सपाट होतात आणि डिस्क खोक्यात मोकळी आदळत राहते. थर्माकोलच्या दाण्यांचंही तेच होतं, जड वस्तू त्यांतून सरकत तळाशी जाते. हवा असतो तो घट्ट फोम, डिस्कच्या सहाही बाजूंना निदान पाच सेंटिमीटर. खोकं हलवलं तर आत काहीही हलता कामा नये.

आणि पिशवी. चंदेरी पिशवीच्या थरांत धातूचा पातळ पापुद्रा असतो. तो बाहेरची स्थिर वीज आत पोचू देत नाही. गुलाबी रंगाची जी पिशवी असते ती स्वतः वीज साठवत नाही, पण बाहेरून आलेला झटका अडवतही नाही. दोन्हींना लोक एकच समजतात. आपल्या बोटाला ठिणगी जाणवते तेव्हा ती साधारण तीन हजार व्होल्टची असते. डिस्कच्या पट्टीवरच्या चिपा त्याच्या कितीतरी खाली, शंभर व्होल्टच्याही आत, खराब होऊ शकतात. म्हणजे आपल्याला कळणारही नाही अशा स्पर्शाने ती मरू शकते. हिवाळ्यात कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट होतं तेव्हा सर्किटाला हात लावू नये.

पिशवी दुकानदारांनी दिली, दुसऱ्या डिस्कची. फोम त्यांच्याकडे मॉनिटरच्या पेटीतला पडून होता, तो मी कटरने मापात कापला. बाहेरून नवं, जाड, दुहेरी पुठ्ठ्याचं खोकं घेतलं. जुनं खोकं एकदा दबलं की त्याचा पुठ्ठा नवा धक्का सोसत नाही. पॅक करतानाची प्रत्येक पायरी टिपली. डिस्क पिशवीत, पिशवी फोममध्ये, फोम खोक्यात, वर दावा क्रमांक. पॅकिंग अपुरं होतं असं कोणी म्हणायला नको. कुरिअरच्या पावतीवर ‘पार्सल’ न लिहिता वस्तूचं नाव आणि किंमत लिहून घेतली.

एवढं करूनही खोकं बंद करताना हात थांबला होता, आणि त्याचं कारण वॉरंटीच्या कुठल्या अटीत सापडत नाही. त्या डिस्कवर लोकांचा मजकूर होता. छापून न झालेल्या आत्मचरित्राचा कच्चा खर्डा, ज्यात लेखकाने घरातली माणसं नावानिशी लिहिली होती आणि नंतर बदलणार होता. पत्रिकांसाठी आलेले फोटो. कोणी तरी पत्ता नीट घ्या म्हणून पाठवलेलं आधार कार्ड. मी डिस्क पूर्ण पुसायला लावली, रात्रभर चालली, आणि खराब सेक्टरांपाशी अडकून राहिली. आणि बदललेल्या म्हणून बाजूला टाकलेल्या सेक्टरांवर साधं पुसणं पोचतच नाही, तिथे जुनं तसंच राहतं. कंपनी म्हणते आम्ही आतला डेटा पाहत नाही, दुरुस्तीआधी पुसतो. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण दुसरा मार्ग नव्हता. चुंबकाने पुसली किंवा ड्रिल मारलं तर वॉरंटी जाते.

मोठ्या कंपन्यांना हा पेच पडत नाही. डेल किंवा लेनोव्हो जादा पैसे घेऊन अशी सेवा देतात की बिघडलेली डिस्क गिऱ्हाइकाकडेच राहते आणि नवी मिळते. बँका, रुग्णालयं ती घेतात. घरी बसून काम करणाऱ्या बाईला, वकिलाला, गावातल्या डॉक्टरांना तेवढीच गरज आहे, आणि एक सुटी डिस्क घेताना ती सोय कोणी देऊ करत नाही. मला वाटतं, खोक्यापेक्षा भांडायचं असेल तर यावर भांडलं पाहिजे. माझ्यापुरता मी तेव्हापासून उपाय केला आहे. नवी डिस्क लावली की पहिल्याच दिवशी ती पूर्ण एन्क्रिप्ट करते, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करते. मग ती मेली आणि कोणाच्या हाती पडली तरी हाती पडेल तो नुसता गोंधळ.

बदली डिस्क आली ती साध्या तपकिरी खोक्यातून. वर कंपनीचं चित्र नाही, रंग नाही. आत फोमचा साचा, चंदेरी पिशवी, लेबलावर दुरुस्त करून तपासलेली असल्याची खूण. वॉरंटीत नवी कोरी डिस्कच मिळेल असं बहुतेक कंपन्या लिहून देत नाहीत, आणि तिची मुदतही नव्याने सुरू होत नाही. पहिल्या डिस्कची उरलेली मुदतच पुढे चालते. हे आधी वाचलेलं होतं म्हणून वाईट वाटलं नाही.

दावा नाकारलाच असता तर काय, याचाही मी तेव्हा विचार केला होता. खोकं नाही म्हणून वॉरंटी नाही, असं सांगणारं कलम मला तरी कायद्यात सापडलं नाही. १९३० चा माल विक्री कायदासुद्धा वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामाची असावी, एवढी अपेक्षा धरतो. तेव्हा १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा चालू होता आणि त्यात बाहेरगावाहून वस्तू घेणाऱ्याची एक अडचण अशी होती की तक्रार साधारणपणे समोरचा पक्ष जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल तिथे करावी लागे. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला, आणि आता आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. सांगलीच्या माणसाने कुठल्या महानगरात खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, तक्रार ऑनलाइन दाखल होते, आधी ई-दाखिलवर आणि २०२५ पासून ई-जागृतीवर. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी.

‘तुम्ही धंद्यासाठी वस्तू घेतली, मग तुम्ही ग्राहक कसल्या?’ हा प्रश्न घरून काम करणाऱ्यांना हमखास टाकला जातो. त्याचं उत्तर कायद्यातच आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी जो स्वतः वापरायला वस्तू घेतो, तो ग्राहकच. शिवणयंत्र घेणारी बाई, रिक्षा घेणारा माणूस आणि अक्षरजुळणीसाठी डिस्क घेणारी मी, सगळे त्यात बसतो. ही एवढी ओळ अनेकांना माहीत नसते आणि ते तिथेच नमतं घेतात.

हे हक्क आकाशातून पडलेले नाहीत. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहक म्हणून संघटित व्हायचं असतं हीच कल्पना नवी होती. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, वाण्याच्या दुकानाऐवजी एकत्र खरेदी करून घराघरांतून माल वाटणारी. देशाचा कायदा यायला त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ गेला. साखर-रव्याच्या वजनापासून सुरू झालेलं ते काम आज सिरीयल नंबरापर्यंत आलेलं आहे, आणि ते पुढे न्यायला फार काही लागत नाही. बिल मागायचं, नंबर लिहून घ्यायचा, ‘नाही’ म्हणणाऱ्याला लेखी मागायचं.

बाकी भागांबद्दल थोडक्यात सांगते, कारण लोक मला आता विचारतात. रॅमच्या पट्टीवरचा बारीक स्टिकर कधी काढू नये, तीच तिची ओळख. मॉनिटरचं खोकं मात्र जागा असेल तर ठेवावं, त्याच्या कोपऱ्यांचा थर्माकोल त्या पडद्याच्या मापाचाच असतो आणि घरी तसा कापणं जमत नाही. मदरबोर्डबाबत एक गोष्ट खरोखर जपायची. इंटेलचा प्रोसेसर जिथे बसतो त्या सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण येतं, ते फेकून देण्यासारखं दिसतं, पण दावा करताना ते लावूनच बोर्ड द्यावा लागतो. त्याखाली केसाएवढ्या बारीक पिना असतात, एलजीए १७०० नावाच्या सॉकेटात तर सतराशे, आणि एक वाकली तरी ते गिऱ्हाइकाने केलेलं नुकसान धरलं जातं. ती मागणी मला पटते, कारण ते झाकण अजूनही संरक्षणाचं काम करत असतं. तेवढं झाकण आणि चंदेरी पिशव्या एका डब्यात ठेवाव्यात. खोकं रद्दीत देण्याआधी त्यावरच्या नंबराचा फोटो काढावा, बिलासोबत ईमेलने स्वतःलाच पाठवावा. दोन खोल्यांच्या घरात माळाभर रिकामी खोकी तीन-तीन वर्षं सांभाळत बसा, असं कोणी सांगू नये.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलं, आयर्विनशी ५४ फुटांच्या वर. या वेळी आमच्या दुकानदारांनी टॅलीची प्रत आधीच दुसऱ्या गावी भावाकडे ठेवलेली होती. पाणी उतरल्यावर त्यांनी दुकान धुवायच्या आधी एक लॅपटॉप आणि प्रिंटर बाहेर टेबलावर मांडला आणि जो येईल त्याला बिल छापून दिलं, नंबरासकट. कोणाला विम्यासाठी हवं होतं, कोणाला पंचनाम्यासाठी. ज्यांची यंत्रं वर नेलेली होती आणि पुढच्या वर्षभरात आपापल्या कारणाने बिघडली, त्यांचे वॉरंटीचे दावे त्याच बिलांवर झाले. खोकी त्यांच्यातल्या कोणाकडेच नव्हती.